डिस्नेला जाताना काय सोडायचं?

फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डचं तिकीट एकदा काढलं की आतल्या राइडना वेगळे पैसे पडत नाहीत. गोल फिरणाऱ्या उडत्या हत्तीवर बसा, नाहीतर अंधारातून धावणाऱ्या ‘स्पेस माउंटन’मध्ये, फाटकावर दिलेल्या पैशांत सगळं आलं. पहिल्यांदा जाणारं कुटुंब याचा सरळ अर्थ लावतं: तिकीट महाग आहे, तेव्हा जास्तीत जास्त राइड करून ते वसूल करायचं. मग यादी होते, यादीला क्रमांक पडतात, आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला निम्मी यादी शिल्लक असताना दमलेली मुलं आणि चिडलेले आईबाप एकमेकांवर राग काढू लागतात. हिशेब करताना एक खर्च धरायचाच राहून गेलेला असतो. आत शिरल्यावर पैसे तसे फारसे जात नाहीत, तास जातात, आणि ते प्रत्येक राइडला वेगवेगळ्या दराने जातात. म्हणून पहिल्या भेटीची आखणी करताना काय पाहायचं यापेक्षा काय सोडायचं हा प्रश्न आधी घ्यावा, आणि तो घरी बसून सोडवावा, असं माझं म्हणणं आहे. कारण रांगेत उभं राहून तो सोडवायला गेलं की उत्तर नेहमी चुकतं.

पूर्वी हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटत असे. कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी उघडलं आणि त्याच वर्षी तिथं कुपनांची पुस्तिका आली. साध्या राइडला ‘ए’ कुपन, त्याहून बऱ्या राइडला ‘बी’, असं करत १९५९ मध्ये सर्वांत मागणी असलेल्या राइडसाठी ‘ई’ कुपन निघालं. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डचं पहिलं पार्क, मॅजिक किंगडम, १ ऑक्टोबर १९७१ ला सुरू झालं तेव्हा तीच पद्धत तिथं आली. मोठ्यांना प्रवेश साडेतीन डॉलर, आणि राइडची कुपनं निराळी. पुस्तिकेत ‘ई’ कुपनं मोजकीच असत. ती कुठं वापरायची हे माणसाला ठरवावंच लागे. ती संपली की एक तर आणखी विकत घ्यायची, नाहीतर हातातल्या ‘ए’ आणि ‘बी’वर समाधान मानायचं. १९८२ मध्ये तिथलं दुसरं पार्क, एपकॉट, उघडलं त्या सुमाराला ही कुपनं गेली आणि एका दामात सगळं ही पद्धत रुळली. गिऱ्हाइकाला ती उदार वाटली. पण राइडची किंमत शून्य केल्याने तिच्यातल्या जागा वाढत नाहीत. ज्या राइडवर तासाला हजार माणसं बसू शकतात तिथं तीन हजारांना बसायचं असेल, तर उरलेल्यांना कोणीतरी थांबवायला हवं. पूर्वी हे काम कुपन करायचं, आता रांग करते.

आणि रांगेला माणसांची वाण नाही. २०१९ साली, म्हणजे महासाथीच्या आधीच्या वर्षी, एकट्या मॅजिक किंगडममध्ये सुमारे २ कोटी ९ लाख लोक आले, असा या उद्योगाच्या वार्षिक अहवालाचा अंदाज आहे. दिवसाची सरासरी काढली तर ५७ हजार येते. नाताळच्या आठवड्यातला आकडा त्याहून कितीतरी वर जात असणार. पार्क साधारण सकाळी ९ ते रात्री १० उघडं असतं असं धरू. तेरा तासांतून तपासणी, दोन जेवणं, स्वच्छतागृहं, मिरवणूक आणि रात्रीची आतषबाजी वजा केली की हातात आठ-नऊ तास उरतात. सरासरी पाऊण तास रांग, दहा मिनिटं चाल आणि पाच मिनिटांची राइड धरली तर एका राइडला एक तास लागतो. म्हणजे दिवसाला आठ किंवा नऊ. मॅजिक किंगडममध्ये राइड आणि खेळ मिळून वीसहून अधिक गोष्टी आहेत. कितीही भराभर चाललं तरी हे गणित बदलत नाही, कारण त्यात चालीचा वाटा फार थोडा आहे.

गणित बदलतं ते राइडच्या निवडीने. त्यासाठी रांग कशाने लांबते हे नीट पाहायला हवं. जॉन लिटल या अमेरिकन अभ्यासकाने १९६१ मध्ये एक साधं सूत्र सिद्ध केलं: रांगेतली माणसं म्हणजे तासाला आत जाणारी माणसं गुणिले थांबण्याचा वेळ. उलटं करून वाचलं तर पुढं आठशे माणसं आहेत आणि राइड तासाला हजार माणसं नेते, तर अठ्ठेचाळीस मिनिटं. तीच राइड तासाला दोन हजार नेत असेल तर चोवीस. रांग किती लांब दिसते याला त्यामुळे फारसा अर्थ नाही, ती किती वेगाने सरकते ते महत्त्वाचं. ‘पीटर पॅन्स फ्लाइट’ची रांग दिवसभर लांब असते. ही राइड काही थरारक नाही. लंडनच्या छपरांवरून तरंगत जाणारी छोटी गलबतं आहेत आणि एका गलबतात दोन-तीन माणसं मावतात. लोक येतात त्यांच्या मानाने गलबतं थोडी, एवढंच कारण. ‘डम्बो’ या उडत्या हत्तीचंही तसंच होतं. त्याची क्षमता इतकी तोकडी पडली की २०१२ मध्ये डिस्नेने शेजारी दुसरं हत्तींचं चक्र उभारलं आणि रांगेच्या जागी मुलांना खेळायला तंबू दिला. पहिल्यांदा येणारा माणूस लांब रांग पाहून इथं काहीतरी विशेष असणार असं समजतो आणि तिला जाऊन चिकटतो. विशेष असेलही, पण त्याचा पुरावा रांग नव्हे.

याच्या दुसऱ्या टोकाला काही राइड अशा आहेत की त्यांची कल्पकता त्यांच्या क्षमतेतच आहे. १९६४-६५ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी डिस्नेच्या मंडळींनी चार प्रयोग तयार केले. त्यांतला ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ हा जगभरच्या बाहुल्यांचा जलप्रवास आणि ‘कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस’ हे प्रेक्षकांसकट फिरणारं नाट्यगृह, या दोन्हींची रूपं आज मॅजिक किंगडममध्ये आहेत. प्रदर्शनात लोटणाऱ्या झुंडींना आत घेऊन बाहेर सोडायचं होतं, म्हणून होड्या न थांबवता सोडत राहायच्या, आणि नाट्यगृहात प्रेक्षकांनी उठून जाण्याऐवजी बैठकीच फिरवायच्या, अशा युक्त्या त्यांनी काढल्या. पुढे ‘हॉन्टेड मॅन्शन’मध्ये एकाला एक जोडलेल्या, कधीच न थांबणाऱ्या काळ्या पाळण्यांची साखळी आली. सरकत्या पट्ट्यावर चालत जाऊन त्यात बसायचं. अशी राइड तासाला दोन हजारांहून जास्त माणसं गिळते, त्यामुळे तिची रांग लांब दिसली तरी पटकन सरते. ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ही त्याच पंथातली. आणि एक गोष्ट आपल्या तीन पिढ्यांच्या कुटुंबांच्या फार सोयीची आहे: या जुन्या, मोठ्या पोटाच्या राइडना उंचीची अट नाही. गुडघ्यांची तक्रार असलेल्या आजीला आणि दोन वर्षांच्या नातवाला त्यांत एकत्र बसता येतं. म्हणजे ज्या राइडना वेळ कमी लागतो त्याच सगळ्यांना चालतात. पार्कचा अर्धा दिवस यांच्यावर काढला तर कोणी कशाला मुकलं असं मला वाटत नाही. कारागिरीच्या दृष्टीने तर त्या नव्यांपेक्षा कमी नाहीतच.

नव्या राइडची गोष्ट निराळी. त्या डिस्ने वर्ल्डच्या चारही पार्कांत विखुरल्या आहेत: २०१४ ची ‘सेव्हन ड्वॉर्फ्स माइन ट्रेन’ आणि २०२३ ची ‘ट्रॉन’ मॅजिक किंगडममध्ये, २०१७ ची ‘अवतार फ्लाइट ऑफ पॅसेज’ अ‍ॅनिमल किंगडममध्ये, २०१९ ची ‘राइज ऑफ द रेझिस्टन्स’ हॉलिवूड स्टुडिओजमध्ये, २०२२ ची ‘कॉस्मिक रिवाइंड’ एपकॉटमध्ये. दिवसाचं सगळं गणित यांतल्या एक-दोन राइडवर हेलकावतं. त्यांना उंचीची अटही आहे: माइन ट्रेनला ९७ सेंटिमीटर, ट्रॉनला १२२. निघण्यापूर्वी घरच्या भिंतीवर मुलांची उंची मोजणं हे विमानाचं तिकीट काढण्याइतकंच गरजेचं आहे. तासभर थांबून तोंडाशी गेल्यावर मोजपट्टीखाली नापास झालेलं मूल पुढचे दोन तास कोणाला सुखाने जगू देत नाही. मूल लहान असेल तर ‘रायडर स्विच’ची सोय मागून घ्यावी. एक पालक राइड करतो तेव्हा दुसरा मुलाजवळ थांबतो, आणि मग पुन्हा पूर्ण रांग न लावता त्याची पाळी येते. तिला वेगळे पैसे पडत नाहीत.

आता या सगळ्याला पहिला आक्षेप येतो तो पैशाचा. रांग टाळायचा पास मिळतो, तो घ्यावा आणि मोकळं व्हावं, एवढा विचार कशाला? या पासचा इतिहास पाहण्यासारखा आहे. १९९९ मध्ये ‘फास्टपास’ आला तो फुकट होता. राइडजवळच्या यंत्रात तिकीट घातलं की परत येण्याच्या वेळेची चिठ्ठी मिळे. २०१३-१४ मध्ये मनगटी पट्टा आणि फोनवरची नोंदणी आली. तेव्हा डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्याला साठ दिवस आधी आणि बाहेरच्याला तीस दिवस आधी राइडच्या वेळा राखता येत. पैसे तेव्हाही पडत नव्हते, पण सुट्टीतल्या मंगळवारी दुपारी तीन वाजता आपल्याला कुठल्या राइडवर बसावंसं वाटेल हे दोन महिने आधी सांगावं लागे. महासाथीत ती सोय थांबली, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये परत आली ती ‘जीनी प्लस’ या नावाने, माणशी दिवसाला पंधरा डॉलरला. वर्षभरात तिचा दर दिवसागणिक बदलू लागला. जुलै २०२४ पासून तिचं नाव ‘लाइटनिंग लेन मल्टी पास’. आता हॉटेलातल्यांना सात दिवस आधी आणि बाकीच्यांना तीन दिवस आधी नोंदवता येतं. सर्वांत गाजलेल्या राइडना वेगळा ‘सिंगल पास’ लागतो. त्याच्याही वर शेकडो डॉलरचा ‘प्रीमियर पास’ आहे. म्हणजे रांगेवरचा उतारा पंचवीस वर्षांत फुकटातून विकत झाला, आणि तो नीट वापरायची मेहनत गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडली ती पडलीच.

शिर्डीला सशुल्क दर्शनाचा पास असतो आणि मोफत रांगही असते, आणि दोन्ही रांगा अखेर एकाच समाधीपुढे पोचतात. लाइटनिंग लेनचं तसंच आहे. पासमुळे राइडवरची एकही जागा वाढत नाही, ती फक्त कोणाला आधी मिळायची हे बदलतं. समजा राइड तासाला हजार माणसं नेते आणि त्यांतली सहाशे पासवाल्यांची. तर मोफत रांगेत पुढं असलेल्या आठशेंना तासाला चारशेच्या वेगाने सरकावं लागेल: दोन तास. पास नसता तर अठ्ठेचाळीस मिनिटं लागली असती; अर्थात पासवाले मग त्याच रांगेत आले असते, त्यामुळे रांग लांबली असती, पण ती सगळ्यांची सारखी लांबली असती. हे न्याय्य आहे का, याचं उत्तर ज्याने त्याने द्यावं. डेव्हिड माइस्टर यांनी १९८५ मध्ये रांगेच्या मानसशास्त्रावर लिहिलेल्या निबंधात एक निरीक्षण आहे, की अन्याय्य वाटणारं थांबणं न्याय्य थांबण्यापेक्षा लांब वाटतं. शेजारून पासवाले हसत पुढं जाताना दिसले की पन्नास मिनिटांचे दीड तास होतात ते त्यामुळे. व्यवहारापुरतं सांगायचं तर ज्याच्या हातात मॅजिक किंगडमचा एकच दिवस आहे, आणि तोही गर्दीच्या हंगामातला, त्याने पास घेणं शहाणपणाचं आहे. ज्याच्याकडे चार दिवस आहेत त्याने आधी सकाळ वापरून पाहावी.

सकाळची किंमत कोणी वाढवलेली नाही. पार्क उघडल्यानंतरचे पहिले दोन तास हे दिवसातले सर्वांत स्वस्त तास असतात, कारण ५७ हजारांतले बहुतेक लोक तेव्हा न्याहारी करत असतात. दुपारी दोन तास घेणारी राइड तेव्हा वीस मिनिटांत होऊ शकते. मात्र उघडण्याच्या वेळेला पार्कात असणं म्हणजे नऊला गाडी लावणं नव्हे. मॅजिक किंगडमच्या दारात गाडी जातच नाही. वाहनतळ तळ्याच्या अलीकडे आहे, तिथं तपासणी, मग मोनोरेल किंवा फेरीबोट, मग फाटक. गाडीपासून फाटकापर्यंत पाऊण तास धरावा. डिस्नेच्या हॉटेलांत राहणाऱ्यांना रोज अर्धा तास आधी आत सोडतात. बाहेर राहणाऱ्यांपेक्षा ते जास्तीचे पैसे बऱ्याच अंशी त्या अर्ध्या तासाचे मोजतात. यामागेही इतिहास आहे. कॅलिफोर्नियात डिस्नेलँडच्या भिंतीला लागून इतरांची मोटेलं उभी राहिली आणि पाहुण्यांचा पैसा त्यांच्या खिशात गेला. म्हणून साठच्या दशकात वॉल्ट डिस्ने यांनी फ्लोरिडात दुसऱ्या कंपन्यांच्या नावांनी गुपचूप जमीन घेतली आणि ऑक्टोबर १९६५ मध्ये स्थानिक वृत्तपत्राने ते उघड केल्यावरच जाहीर केलं. आज ही मालमत्ता १०० चौरस किलोमीटरच्या घरात आहे, मुंबई बेटाहून मोठी. चार पार्क, दोन वॉटर पार्क, वीसहून अधिक हॉटेलं. एका पार्कातून दुसऱ्यात जायला बहुतेकदा बस लागते आणि दारापासून दारापर्यंतचा हिशेब केला तर तासभर सहज जातो. दिवसात दोन पार्क करण्याची परवानगी देणारं महाग ‘हॉपर’ तिकीट पहिल्या भेटीत घेऊ नये याचं कारण हेच.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. सुट्टीचंही वेळापत्रक करायचं, तर मग ती सुट्टी कसली? इथं एक विसंगती आहे. मॅजिक किंगडमच्या रस्त्यांखाली बोगद्यांचं जाळं आहे. खरं तर ते जमिनीवरच बांधलंय, कारण फ्लोरिडात थोडं खणलं की पाणी लागतं. समोरचं तळं उपसून निघालेली माती त्यावर टाकली आणि पाहुणे चालतात तो रस्ता वरच्या मजल्यावर आला. कर्मचारी, माल, कचरा, सगळं खालून जातं, पाहुण्याच्या नजरेला काही पडू नये म्हणून. एवढा खटाटोप करणाऱ्या जागेने पाहुण्याला मात्र फोन हातात धरून मिनिटं मोजायला लावावं, ही तक्रार रास्त आहे. पण आखणी नाकारल्याने हे मिनिटं मोजणं टळत नाही. न आखता गेलेला माणूस सकाळी अकराला पोचतो, लांब रांगेत शिरतो, आणि त्याला वाटलेला मोकळेपणा दोरखंडांच्या नागमोडी वाटेत उभा राहून खर्च होतो. आखणी दिवसभराची करू नये, एवढं मात्र मान्य. लेन टेस्टा या संगणकतज्ज्ञाने याच पार्कांतला कमीत कमी वेळाचा मार्ग शोधण्याचं काम आपल्या पदव्युत्तर अभ्यासातून सुरू केलं आणि त्यातून मिनिटामिनिटाचे आराखडे विकणारा व्यवसाय उभा राहिला. ते आराखडे चालतात, यात शंका नाही. पण पहिल्या भेटीला इतकं नको. सकाळी अकरापर्यंत कुठं जायचं ते पक्कं, आणि पुढचं सगळं मोकळं, एवढ्यात बहुतेक फायदा पदरात पडतो.

दुपार मोकळी ठेवण्यामागे हवामानही आहे. मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिन्यांसाठी जाणारे आपले आईवडील बहुधा एप्रिल ते सप्टेंबर या काळात अमेरिकेत असतात, नातवंडांच्या शाळेची सुट्टीही तेव्हाच, आणि अटलांटाहून सात तास गाडी हाकून मंडळी डिस्ने वर्ल्डजवळच्या ऑरलँडोला पोचतात ती जून-जुलैत. तेव्हाची फ्लोरिडातली दमट हवा मुंबईकराला नवी नाही. नवा असतो तो जवळजवळ रोज दुपारी कोसळणारा गडगडाटी पाऊस. वीज कडाडली की उघड्यावरच्या राइड बंद होतात. दिवसाला दहा-बारा किलोमीटर चाल होते ती वेगळीच. म्हणून दीडला पार्क सोडावं, खोलीवर झोपावं, पाचला परत यावं. तीन-साडेतीन तास वाया गेल्यासारखे वाटतात, पण ते दिवसातले सर्वांत महाग आणि सर्वांत निकस तास असतात. ज्यांना तारखा निवडता येतात त्यांनी जानेवारीचा शेवट किंवा सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरचे आठवडे पाहावेत. सप्टेंबर चक्रीवादळांच्या मोसमात येतो हे लक्षात ठेवून. नाताळ ते नववर्ष हा आठवडा पहिल्या भेटीसाठी सर्वांत वाईट. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांना आणखी एक अट कळायला हवी. ऑगस्ट ते ऑक्टोबरअखेर मॅजिक किंगडममध्ये काही रात्री हॅलोविनचा वेगळ्या तिकिटाचा कार्यक्रम असतो, नोव्हेंबरपासून नाताळचा. त्या दिवशी साध्या तिकिटावरच्यांना संध्याकाळी सहाला बाहेर काढतात. आतषबाजी हवी असेल तर तो दिवस टाळावा. नको असेल तर तोच निवडावा, कारण लोक टाळतात म्हणून दिवसा रांगा आखूड असतात.

जेवणाचा प्रश्न वाटतो तेवढा मोठा नाही. बाहेरचं खाणं आत नेता येतं. काचेची बाटली आणि दारू तेवढी चालत नाही. ठेपले, दशम्या, लाडू खुशाल न्यावेत. पटकन जेवणाच्या काउंटरवर बर्फाचं पाणी मागितलं तर फुकट मिळतं. एपकॉटच्या तळ्याभोवती अकरा देशांची दालनं आहेत, त्यांत भारत नाही. भारतीय वळणाचं जेवण मिळतं, उदाहरणार्थ अ‍ॅनिमल किंगडम लॉज या हॉटेलातल्या ‘सनाआ’ उपाहारगृहात, नान आणि चटण्यांसह.

तिसरा आक्षेप ज्यांना आयुष्यात एकदाच जायचंय त्यांचा. एवढा व्हिसा, एवढं विमानभाडं, मग सोडून कसं द्यायचं? तिकिटाचे दरच याचं उत्तर देतात. डिसेंबर २०२२ पासून चार पार्कांचे एका दिवसाचे दर वेगवेगळे झाले. अ‍ॅनिमल किंगडमचा स्वस्त दिवस १०९ डॉलरचा, मॅजिक किंगडमचा सर्वांत महाग १८९ चा, आणि पुढे तेही वाढत गेले. पण अनेक दिवसांचं तिकीट घेतलं तर दर दिवसाचा दर झपाट्याने उतरतो. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर वाढीव दिवसाला फार थोडे पैसे पडतात. ज्याला खरोखर सगळं पाहायचंय त्याने एका दिवसात जास्त कोंबण्यापेक्षा दिवस वाढवावेत. ते शक्य नसेल तर सोडणं तसंही होणारच आहे. ते आपल्या मर्जीने होतं की रांगेच्या, एवढाच प्रश्न उरतो. मुलं लहान असतील तर मॅजिक किंगडमला दोन दिवस द्यावेत आणि हॉलिवूड स्टुडिओज सोडावं. मुलं मोठी असतील तर उलट. अ‍ॅनिमल किंगडमला अर्धा दिवस पुरतो, तोही सकाळचा, कारण सफारीतले प्राणी तेव्हा सावलीत दडलेले नसतात. एपकॉट दुपारनंतरही चालतं, ज्येष्ठांना ते सर्वांत आवडतं असा माझा कयास आहे.

आणि मुळात जावंच का, हा आक्षेप घेणारेही आहेत. त्याच पैशांत यलोस्टोन होईल, ग्रँड कॅन्यन होईल. एका कंपनीने बांधलेल्या खोट्या किल्ल्यापुढे रांग का लावायची? जायलाच हवं असं नाही. पण किल्ला खोटा आहे हे सहा वर्षांच्या मुलालाही ठाऊक असतं, आणि तरी त्याला तो हवा असतो. नाटकाचा पडदाही रंगवलेलाच असतो. माझा आक्षेप खोटेपणाला नाही, तो वेळेच्या विक्रीला आहे, आणि म्हणूनच ती खरेदी डोळे उघडे ठेवून करावी असं वाटतं.

राहिला समूह सहलीचा मार्ग, जो आपल्याकडून जाणाऱ्या अनेकांचा असतो. मराठी बोलणारा मार्गदर्शक, पोळीभाजी, सामानाची चिंता नाही, सोबतीला माणसं. साठीच्या पुढच्या जोडप्याला हे सगळं मोलाचं आहे आणि त्याला नाक मुरडण्यात अर्थ नाही. अडचण एवढीच की तीस-चाळीस जणांची बस सगळ्यांत हळू तयार होणाऱ्या माणसाच्या वेगाने निघते, आणि सकाळचे ते स्वस्त दोन तास हॉटेलच्या न्याहारीत जातात. तेव्हा पैसे भरण्याआधी कार्यालयात चार गोष्टी विचाराव्यात. चारांतलं कुठलं पार्क, आणि त्या दिवशी ते किती वाजता बंद होतं? बस फाटकाशी उघडण्याच्या आधी पोचते की नंतर? लाइटनिंग लेन दरात धरलेली आहे का, असेल तर कुठली, आणि तिची नोंदणी कोण करणार? आणि दुपारी कोणी थकलं तर त्याला हॉटेलवर परत न्यायची काय सोय आहे? पहिल्या तीन प्रश्नांना बहुधा उत्तर मिळतं. चौथ्याला ‘मॅनेज करू’ असं ऐकू आलं, तर परतीच्या टॅक्सीचे डॉलर वेगळे काढून ठेवावेत.